हवामान बदलावर बोलताना पक्ष आडवा आला तर काय करावं? सोलापूरकरांसाठी काही पायऱ्या

गावात, घरात किंवा ग्रुपवर हवामान बदलाचा विषय काढला की दहा मिनिटांत बोलणं उजनी धरण, ऊस, कारखाने आणि पुढाऱ्यांवर येतं. आपल्या जिल्ह्यात पाणी हाच राजकारणाचा मोठा विषय आहे, त्यामुळे हे होणारच. ते टाळण्याच्या भानगडीत पडू नका. राजकारणाचा प्रश्न आणि विज्ञानाचा प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात, ते सुटे करणं एवढंच आपलं काम.

१. माणूस कशावर चिडलाय ते आधी ऐका

"हवामान बदल वगैरे काही नसतंय, धरण ह्यांनीच रिकामं केलं." या एका वाक्यात दोन दावे आहेत आणि दुसऱ्यात तथ्य असू शकतं. उजनीचं पाणी कधी, किती आणि कुणासाठी सोडायचं हे माणसंच ठरवतात. उसाला किती पाणी द्यायचं हा रास्त प्रश्न आहे. धरण भरलेलं असतानाही शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी आलं, तर त्याचं खापर हवामानावर फोडणं हीसुद्धा चुकीची माहितीच. हे मोकळेपणाने मान्य करा. पहिल्या दाव्याकडे त्यानंतर वळा, आधी नाही. आपली तक्रार उडवून लावली असं वाटलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

२. खरी गोष्ट आधी सांगा, अफवा एकदाच उच्चारा

विमानं ढग पळवतात, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय, कारण विमानं खरंच उडाली होती. लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली आहेत. "असं काही नसतं" म्हणालात तर खोटे तुम्हीच पडाल.

त्यापेक्षा अशी सुरुवात करा: "अण्णा, विमानं आली होती, बरोबर आहे तुमचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. आपला भाग पर्जन्यछायेतला, म्हणजे डोंगराआड असल्यानं कमी पावसाचा, म्हणून इथं." मग प्रयोग कसा चालतो ते सांगा. आधीच तयार असलेल्या ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडचे बारीक कण सोडतात. त्यांच्याभोवती बाष्प जमतं, थेंब मोठे होतात. ढगच नसेल तर विमान काही करू शकत नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस.

एवढं झालं की ढग पळवण्याच्या गोष्टीचं नाव एकदा घ्या आणि शेवट पुन्हा त्या १८ टक्क्यांवर करा. तेच वाक्य सारखं कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, म्हणून अफवेला मथळ्यात जागा देऊ नका.

३. एकच साल धरून बोलण्यातली चूक दाखवून द्या

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. ऑगस्टमध्ये पूर्ण भरलं. आधी "आता सगळं संपलं" आणि नंतर "कुठं गेला तुमचा हवामान बदल?", या दोन्ही मेसेजांत चूक एकच आहे. हवामान ठरवायला साधारण ३० वर्षांच्या नोंदी लागतात. (मायनस म्हणजे उपयुक्त साठा संपून तळाच्या मृतसाठ्यातलं पाणी वापरात येणं, कोरडं धरण नव्हे, हेही सांगा. उजनीचा मृतसाठाच जवळपास ६३ टीएमसी आहे.)

"दुष्काळ १९७२ लाही होता की!" होता, आणि भयंकर होता. तो नाकारायचं कारण नाही. पण १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं, हे आपल्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. आता दुष्काळ पडतो तो या वाढलेल्या उष्णतेत. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळण्याची शक्यता वाढते. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपुरात पूर आला, तो हवामान बदलामुळेच, असं मात्र ठोकून सांगू नका. शक्यता वाढते, इतकंच म्हणा. आपल्या बाजूची अतिशयोक्ती सगळ्यात जास्त नुकसान करते.

४. "हे गोऱ्यांचं कारस्थान आहे"

यातला राग समजून घ्या. आजवर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साईडमध्ये सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा आहे. आजही तिथं माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास, आपल्याकडे साधारण २ टन. भारत जागतिक परिषदांत हेच मांडतो. पण तापमान कुणामुळे वाढलं हा वाद तापमान वाढलंय हे धरूनच चालतो. एवढं शांतपणे लक्षात आणून दिलं, तर देशाभिमानाला धक्का न लागता बोलणं पुढे सरकतं.

५. जागा आणि माणूस नीट निवडा

वडीलधाऱ्यांचा मेसेज चारचौघांत खोडू नका, फोन करा. डाळिंबवाल्याला डाळिंबवाल्यानेच सांगितलेलं पटतं: अवकाळी पाऊस, दमट हवा आणि त्यामागून येणारा तेल्या रोग, हे त्याच्या बागेतलं आहे. पुढचं विचारायला केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र जवळच आहे.

६. सवय सोप्या मेसेजपासून लावा

"पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, ऑगस्टपर्यंत थंडी पडणार, आजार वाढणार" हा मेसेज दरवर्षी फिरतो. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते, जानेवारीच्या सुरुवातीला १४.७ कोटींवर. फरक जेमतेम ३ टक्के. शिवाय सूर्य सर्वात जवळ असतो ते दिवस आपल्याकडे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या तयारीचे, स्वेटर घालून फिरायचे. हे मात्र खुशाल ग्रुपवर टाका. इथं कुणाचा पक्ष आड येत नाही, आणि आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी तारीख-आकडा बघायची सवय इथूनच लागते.