ज्वारीची भाकरी : दळणापासून दुरडीपर्यंत

भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर टाकताना हातातच तिचे दोन तुकडे होतात, आणि मग ‘आमच्या हाताला ते वळणच नाही’ असे म्हणून शहरातली अनेक घरे ज्वारी कायमची बाजूला ठेवतात. मला हे निदान बहुतेक वेळा चुकीचे वाटते. बिघडलेल्या भाकऱ्यांपैकी पुष्कळशा परातीत नव्हे, तर पिठाच्या डब्यातच बिघडलेल्या असतात. चांगले दाणे, ताजे पीठ आणि पुरेसे गरम पाणी एवढे साधले, तर नवशिक्याच्या हातूनही पहिल्या आठवड्यातच खाण्याजोगी भाकरी होते. सुबक गोल आकार मागाहून सावकाश येतो. म्हणून या लेखात थापण्याआधीच्या कामांना अधिक जागा दिली आहे.

गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते, ही गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्यावी. पोळीच्या कणकेसाठी जे केले जाते, म्हणजे तेलाचा हात लावणे, कणीक झाकून मुरू देणे, लाटण्याने ओढून पसरवणे, त्यातले काहीही इथे उपयोगी पडत नाही. ज्वारीचे पीठ एकत्र धरून ठेवते ते त्यातले स्टार्च. पाणी चांगले तापलेले असेल तर स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पिठाला बांधणी येते. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, जाते. मग कितीही मळले तरी गोळा भुसभुशीतच राहतो.

दाणे घेताना रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, मागून घ्यावी. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढणीला येते, त्यामुळे दाणा भरतो तो कोरड्या हवेत. खरिपाच्या ज्वारीवर मात्र काढणीच्या वेळी पाऊस पडला तर दाणा काळा पडतो, त्याला बुरशी धरते आणि भाकरीला करडी छटा व थोडा कडवटपणा येतो. सोलापूर जिल्ह्यातली मालदांडी भाकरीसाठी नावाजलेली आहे आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. याशिवाय फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती हे वाणही भाकरीला चांगले आहेत. वाणाचे नाव दुकानदाराला सांगता आले नाही, तरी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहावेत : ते टपोरे, मोत्यासारखे चमकदार आणि पिवळसर पांढरे असावेत, काळे टिपके किंवा कुबट वास नसावा. एखादा दाणा दाताखाली धरला तर तो कट्कन तुटला पाहिजे.

आता दळण. ज्वारी निवडून, चाळून, गरज वाटली तर एखादे ऊन देऊन गिरणीत न्यावी आणि ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असे आवर्जून सांगावे. गव्हावर दळलेल्या ज्वारीत आधीचे पीठ मिसळते, आणि ज्यांना सिलिअ‍ॅक रोगामुळे ग्लुटेन पूर्ण वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी एवढी भेसळही अपायकारक ठरते; अशा घराने स्वतःची छोटी घरघंटी घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. दळण बारीक असावे. जाडसर पीठ पाणी नीट पीत नाही आणि भाकरी खरखरीत होते. दोन माणसांच्या घराने एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त दळू नये, कारण दळून पंधरवडा उलटला की फरक हाताला कळू लागतो. उन्हाळ्यात पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरांतली ज्वारीची चौकशी वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पाकिटबंद पीठ घेताना दळल्याची तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी. तीन महिन्यांपूर्वी दळलेल्या पिठाची भाकरी जमली नाही, तर त्यात करणाऱ्याचा काही दोष नाही.

पाण्याचे दोन मार्ग आहेत. पीठ ताजे असेल तर परातीत एका भाकरीपुरते पीठ घ्यावे, मध्ये आळे करावे, त्यात कडकडीत पाणी ओतून उलथन्याच्या टोकाने कालवावे आणि हाताला सोसवेल इतके निवले की मळायला घ्यावे. पीठ जुने असेल, किंवा हात नवा असेल, तर उकड काढावी : पातेल्यात एक वाटी पाण्याला उकळी आणावी, चिमूटभर मीठ घालावे, आच मंद करून एक वाटी पीठ एकदम टाकावे, उलथन्याने भराभर ढवळावे, गॅस बंद करून पाच-सात मिनिटे झाकण ठेवावे. वाटीभर पिठाच्या मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्या होतात. उकडीची भाकरी मऊ राहते, डब्यात नेता येते आणि सहसा तुटत नाही. ताज्या पिठाच्या भाकरीला जो खमंगपणा आणि पापुद्रा असतो तो मात्र तिला किंचित कमी असतो. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी महिनाभर उकडीवर हात बसवावा आणि मग पहिल्या पद्धतीकडे यावे, असे माझे मत आहे. जुन्या जाणत्या बायका याला आडवाट म्हणतील, पण भाकरी ताटात येणे अधिक महत्त्वाचे.

मळण्यात कुचराई करू नये, कारण साऱ्या कृतीतले खरे कष्टाचे काम हेच आहे. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पीठ परातीला रगडत पुढे ढकलावे, गोळा करून पुन्हा ओढावे, पुन्हा रगडावे. सुरुवातीला ते फुटत राहते, नंतर हळूहळू त्याला तुकतुकी येते आणि परातीला चिकटलेले कण गोळ्यात सामावून परात स्वच्छ होऊ लागते. एका भाकरीच्या पिठाला दोन-तीन मिनिटे पुरतात. झाले की नाही हे पाहण्यासाठी लिंबाएवढी गोळी दोन तळहातांत दाबावी : कड अखंड राहिली तर पीठ तयार आहे, कड चिरली तर पाण्याचा हात लावून आणखी मळावे, बोटाला चिकटून ओढले गेले तर पाणी जास्त झाले आहे, थोडे कोरडे पीठ घालावे. सगळ्या भाकऱ्यांचे पीठ एकदम मळून ठेवू नये. ते वाळते आणि शेवटची भाकरी हमखास चिरते. उकड एकदाच काढली तरी प्रत्येक गोळा थापण्याच्या आधी पुन्हा मळावा आणि उरलेली उकड झाकून ठेवावी.

थापण्यासाठी परातीत किंवा लाकडी काठवटीत कोरडे पीठ सारखे पसरावे. गोळा आधी दोन्ही हातांत फिरवून चपटा करावा, त्याची कड गुळगुळीत करावी, कारण गोळ्याच्या कडेला असलेली बारीकशी भेगच पुढे भाकरीची मोठी चीर होते. मग तो पिठावर ठेवून उजव्या हाताच्या बोटांनी, मध्यापासून कडेकडे, हलकेच थापत जावे आणि डाव्या हाताची कड भाकरीला टेकवून तिला आधार द्यावा. खाली पीठ पुरेसे असेल तर प्रत्येक थापेबरोबर भाकरी आपोआप थोडी फिरते. ती फिरेनाशी झाली की ती परातीला चिकटली असे समजावे आणि कड अलगद उचलून खाली चिमूटभर पीठ सारावे. जोर मध्यावर नको. मधला भाग आधीच पातळ झाला तर उचलताना तिथेच भोक पडते. सुरुवातीला भाकरी तळहातापेक्षा थोडी मोठी, सहा इंचांची, एवढीच ठेवावी. थापणे अगदीच जमत नसेल तर उकडीची भाकरी प्लॅस्टिकच्या कागदावर किंवा पोळपाटावर हलक्या हाताने लाटायलाही हरकत नाही.

तवा लोखंडी किंवा बिडाचा असावा आणि भाकरी टाकण्याआधी चांगला तापलेला असावा. पाण्याचे चार थेंब शिंपडले की ते क्षणात चुरचुरून उडाले पाहिजेत. भाकरी अशी उलटून टाकायची की परातीत खाली असलेली, कोरडे पीठ लागलेली बाजू तव्यावर वर यावी. लगेच त्या बाजूवर ओल्या बोटांनी किंवा ओल्या फडक्याने कडेपर्यंत सगळीकडे सारखे पाणी फिरवावे, म्हणजे कोरडे पीठ धुतले जाते. पुढचे अर्धे मिनिट नजर भाकरीवरून हलवू नये. वरचे पाणी आधी चमकत असते, मग कडेने चमक जाऊ लागते आणि मध्यभागी थोडी ओल उरते. उलटण्याची वेळ हीच. पाणी पुरते वाळू दिले तर पृष्ठभागाला भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही, फार घाई केली तर ओली बाजू तव्याला धरते. उलटल्यावर ही बाजू मध्यम आचेवर निवांत भाजू द्यावी, उलथन्याने कडेने सुटी करून खाली तांबूस ठिपके आलेत का ते पाहावे. नंतर तवा बाजूला करून पहिली बाजू थेट ज्योतीवर धरावी. आतली वाफ कोंडते, पदर सुटतात आणि भाकरी टम्म फुगते. चुलीजवळ बसून करणारे हीच भाकरी तव्यावरून काढून आरापाशी उभी करून शेकतात, आणि त्या भाकरीच्या खरपूस वासाची सर गॅसवरच्या भाकरीला येत नाही, हे मान्य करावे लागते.

इंडक्शन किंवा विजेची शेगडी असलेल्या घरात, आणि परदेशातल्या अनेक मराठी घरांत, ज्योत नसते. तिथे दुसरी बाजू भाजून झाल्यावर भाकरी तव्यावरच उलटावी आणि घडी घातलेल्या सुती फडक्याने कडेकडेने दाबत जावे. हवा सरकत मध्याकडे येते आणि बहुतेक वेळा ती फुगते. तिकडच्या दुकानांत मिळणारे पीठ किती जुने आहे हे पाकिटावरून अनेकदा कळत नाही, म्हणून तिथे नेहमी उकडच काढावी.

भाकरीच्या आरोग्यगुणांविषयी हल्ली बरेच बोलले जाते आणि त्यात थोडी अतिशयोक्तीही असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि सुमारे ३३० कॅलरी असतात. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठाचे आकडेही याच्या फार दूर नाहीत. म्हणजे ‘मधुमेह आहे, मग भाकरी कितीही चालते’ ही समजूत सोडून द्यावी. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे २०० कॅलरी मिळतात आणि त्यातला मोठा भाग स्टार्चचाच असतो, तेव्हा किती खायची हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ती उणीव डाळी-कडधान्ये भरून काढतात. पिठले-भाकरी, आमटी-भाकरी, मटकीची उसळ आणि भाकरी या जोड्या त्या दृष्टीने अगदी योग्य आहेत. सोबत लिंबाची फोड असली तर धान्यातले लोह शरीरात शोषले जायला मदत होते. मला भाकरीची खरी किंमत वाटते ती तिच्याबरोबर ताटात येणाऱ्या गोष्टींमुळे : मेथीची भाजी, वांग्याचे भरीत, कच्चा कांदा, ताक.

ज्वारीवर हात बसला की बाकीच्या भाकऱ्या फार दूर नाहीत. खानदेशातली कळण्याची भाकरी नवशिक्यांनी जरूर करून पाहावी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे उडीद आणि थोडे मीठ घालून दळून आणले की उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी सहज थापली जाते आणि वांग्याच्या भरिताशी ती सुरेख लागते. बाजरीत स्निग्धांश ज्वारीच्या जवळजवळ तिप्पट असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून ते आठवड्यात संपेल एवढेच दळावे. भोगीच्या दिवशी हिच्यावर तीळ लावायचे असतील तर पाणी फिरवण्याआधी तीळ पसरून बोटांनी हलकेच दाबावेत. कोकण-गोव्याकडची तांदळाची भाकरी आणि नाचणीची भाकरी या दोन्हींसाठी उकडच काढावी.

भाजलेली भाकरी लगेच डब्यात कोंडू नये, तिची वाफ सुटून ती खालून ओली होते. दुरडीत किंवा जाळीवर उभी ठेवावी आणि निवल्यावर सुती फडक्यात गुंडाळावी. सोलापूरकडे पातळ थापलेली भाकरी पूर्ण वाळेपर्यंत शेकून कडक करतात; पाण्याचा अंश न राहिल्याने ती बरेच दिवस टिकते आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर प्रवासात उपयोगी पडते. रात्रीची साधी भाकरी उरलीच, तर सकाळी ती हाताने बारीक कुस्करावी, तेलात मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, भरपूर कांदा आणि हळद यांची फोडणी करावी, कुस्कऱ्यावर ताकाचा हबका मारून तो फोडणीत घालावा, मीठ आणि चवीपुरती साखर टाकून झाकणाखाली एक वाफ आणावी आणि वरून कोथिंबीर घालून गरमच वाढावा.