एसएसडी धापा टाकतेय? दुकानदाराशी वाद घालण्याआधी या चुका टाळा

गोव्यातल्या शिगमोच्या मिरवणुकीचं फोर-के फुटेज कॉपी करताना नवी एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) आधी सुसाट पळते आणि मग अचानक मंदावते. ‘मित्राने हेच मॉडेल घेतलं होतं, त्याची अशी नव्हती,’ अशी तक्रार सुरू होते.

नाव तेच म्हणून आतला मालही तोच, असं धरून चालू नका. २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलने ब्लू एसएन५५० या एसएसडीतली फ्लॅश चिप (जिच्यात डेटा साठतो ती) बदलली, नाव मात्र तेच ठेवलं. कॅशे (सुरुवातीला वेगाने डेटा झेलणारा तात्पुरता भाग) भरल्यावर जुनी सेकंदाला सुमारे ६१० एमबी लिहायची, नवी ३९०. त्याच वर्षी क्रुशियल पी२ टीएलसी चिपवरून (एका पेशीत तीन बिट) क्यूएलसीवर (चार बिट, स्वस्त पण लिहायला संथ) गेली. अर्थात बदल म्हणजे दरवेळी फसवणूक नव्हे. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लसमध्ये कंट्रोलर (ड्राइव्हचं काम चालवणारी चिप) बदलला, तेव्हा कॅशे ४२ वरून ११५ जीबीवर गेली, पण ती संपल्यावरचा वेग जवळपास निम्मा झाला. म्हणजे ८० जीबीचं लग्न उतरवणाऱ्याचा फायदा, ३०० जीबीवाल्याचा तोटा. जुने रिव्ह्यू वाचून घेणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्क सॉफ्टवेअरची १ जीबीची चाचणी इथे कुचकामी. ती पूर्ण कॅशेतच आटोपते. दुसऱ्या वेगवान ड्राइव्हवरून एकूण १५० जीबीच्या आसपासच्या मोठ्या फाइली कॉपी करा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग किती जीबीनंतर पडतो ते बघा. मेमरी कार्डावरून कॉपी करून निकाल देऊ नका. तिथे बहुतेक वेळा कार्डच संथ असतं.

ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल तर कॅशेही आक्रसते, म्हणून आधी जागा मोकळी करा. मे महिन्यात पंख्याखालच्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) तापली की कंट्रोलर स्वतःच वेग उतरवतो, तेव्हा तापमानही बघा. (गोव्यात काहीही बिघडलं की दमट हवेला दोष द्यायची सवय आहे. मिनिटाभरात वेग घसरतो, त्यात हवेचा हात नसतो.)

खोकं लगेच फेकू नका. लेबलचा फोटो, ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमधला फर्मवेअर (ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर) क्रमांक आणि बिल परतीची मुदत संपण्याआधी जमवा. खोक्यावर वेग ‘इतक्यापर्यंत’ असाच छापलेला असतो, त्यामुळे नुसतं ‘हळू चालते’ म्हणून दुकानदार ऐकणार नाही. माहितीपत्रकात टीएलसी लिहिलेलं असून आत क्यूएलसी निघाली, तर मात्र मुद्दा पक्का आहे. आधी कंपनीला लेखी कळवा, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.