गुडघा कसा ऐकायचा? आवाजावरनं झीज ओळखताना काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

आमचं घर बेळगावात वडगावला, दोन्ही बाजूला पॉवरलूम, दिवसभर मागाची खडखड. त्यामुळं आईच्या गुडघ्याचा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला तो लाइट गेलेल्या एका रात्री, सगळे माग बंद, आणि ती पाटावरनं उठली तसा करर्र आवाज झाला, जाड मिठावर पाय पडावा तसा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज दहा-बारा गुडघे हाताखालनं जातात, खानापूरकडच्या रोप लावणाऱ्या बायका, निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या, आणि जवळपास प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच असतोय, "गुडघ्यात आवाज येऊलाय बघ गे, वंगण संपलं की काय?" म्हणून घरच्या घरी गुडघा कसा तपासायचा ते सगळं एकदा लिहून टाकते.

आधी ते वंगणाचं. झीज झालेल्या, म्हणजे हाडांच्या टोकावरची गुळगुळीत गादी झिजलेल्या गुडघ्यात पाणी कित्येकदा कमी नाही तर जास्तच झालेलं असतंय, म्हणून तर तो सुजतो. त्या पाण्याचा चिकटपणा कमी होतो हे खरं, पण आवाज आला म्हणजे आतलं तेल संपलं असं नसतंय. माझ्याकडं एक मावशी आल्या होत्या, त्यांना कुणीतरी फक्त आवाज ऐकून, हात न लावता, "वंगणाचं इंजेक्शन घ्या नाहीतर चालायचं बंद होईल" म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी कर्ज काढून ते घेतलं. दुखत नव्हतंच त्यांना! अशा वेळी खरंच जीव तुटतो.

आवाज दोन जातीचे असतात, एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम झालं. एक म्हणजे कट्, एकदाच, बऱ्याच वेळानं, बोटं मोडल्यासारखा. सांध्यातल्या पाण्यात अचानक पोकळी तयार होते त्याचा तो असू शकतो. 2015 साली कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय मशीनमध्ये बोटं मोडून हे बघितलंय. नाहीतर एखादी शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, हाडाच्या कडेवरनं सटकते त्याचा. दुखत नसेल तर हा कट् सोडून द्या, चांगल्या धडधाकट माणसाच्या गुडघ्यातही येतो. दुसरा म्हणजे करकर, कुरकुर, गुडघा वाकवताना आणि सरळ करताना सलग येणारा, दर वेळी येणारा, आणि मुख्य म्हणजे हाताला लागणारा. डॉक्टर याला क्रेपिटस म्हणतात. लक्ष द्यायचं ते याच्याकडं.

आता करायचं कसं. पंखा, टीव्ही बंद करा, शेजारी माग असेल तर रात्री किंवा दुपारच्या सुट्टीत करा. साडी किंवा सलवार गुडघ्याच्या वर घ्या, कारण कापड घासलं की तोच आवाज आपल्याला गुडघ्याचा वाटतोय. उंच खाटेवर किंवा टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसायचं, आपला तळहात गुडघ्याच्या वाटीवर हलकाच ठेवायचा, दाबायचा नाही, आणि मनात चारपर्यंत मोजत पाय सरळ करायचा, परत चार मोजत खाली. पाच वेळा. झटका देऊ नका, झटक्यात केलं की काहीच कळत नाही. दुसऱ्या कुणी हात ठेवला तर आणखी बरं, कारण ज्याचा गुडघा त्याला तो आवाज हाडातनं ऐकू येतो आणि आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. मग हात वाटीवरनं काढून आतल्या बाजूला, जिथं मांडीचं आणि नडगीचं हाड भेटतं त्या फटीवर ठेवा आणि परत तेच. करकर वाटीखाली लागत असेल तर घासतोय तो भाग बहुतेक वाटी आणि मांडीच्या हाडामधला, फटीवर लागत असेल तर मुख्य सांध्यातला, हा माझा रोजचा अंदाज, पण अंदाजच, कारण आवाज हाडातनं सगळीकडं पसरतो.

मग वजन टाकून बघायचं. हात न टेकता खुर्चीवरनं पाच वेळा उठायचं-बसायचं, जमत असेल तर दोन पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. बसून गप्प असणारा गुडघा उठताना बोलायला लागतो असं खूपदा होतं. आईचंच बघा ना, खाटेवर बसून काहीच नाही, आणि खुर्चीवरनं उठताना साधारण निम्म्यात आल्यावर माझ्या तळहाताखाली रवा भरडल्यासारखं लागायला लागलं, उजव्या पायाला, पाचही वेळा, त्याच ठिकाणी. डाव्या पायाला तेवढंच वय, तेवढंच काम, तरी काही नाही. म्हणून दोन्ही गुडघे बघायचे, एकट्याचं बघून काही ठरवायचं नाही.

आता यावरनं झीज आहे असं म्हणायचं का? नुसत्या आवाजावरनं नाही! 1986 साली अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं झीज ओळखायची जी कसोटी ठरवली त्यात पहिली अट गुडघा दुखणं ही आहे, आणि त्याबरोबर सहापैकी तीन गोष्टी पाहिजेत: वय 50 च्या वर, सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत सुटणं, हालचालीत करकर, हाडावर दाबल्यावर दुखणं, हाड जाड झाल्यासारखं लागणं, आणि गुडघा हाताला गरम न लागणं. म्हणजे करकर ही सहातली एक. दुखणं नसेल तर पुढचं सगळं मोजण्यात अर्थ नाही. पण म्हणून ती करकर अगदीच सोडून द्यायची असंही नाही. अमेरिकेत 3495 लोकांचा एक अभ्यास 2018 साली छापून आला, त्यात ज्यांनी "नेहमी आवाज येतो" म्हणून सांगितलं त्यांना पुढच्या काही वर्षांत दुखरी झीज होण्याची शक्यता, कधीच आवाज न येणाऱ्यांच्या मानानं, साधारण तिप्पट निघाली. आणि असं दुखणं पुढं सुरू झालेल्यांतले बरेच लोक ते होते ज्यांच्या एक्सरेत झीज आधीच दिसत होती, फक्त दुखणं नेहमीचं झालं नव्हतं. म्हणजे करकर आहे पण दुखत नाही, हा घाबरायचा नाही तर मांडीचे स्नायू तयार करायचा काळ आहे असं मी सांगते.

मोबाईलवर रेकॉर्ड करू का, असं हल्ली पोरं विचारतात. करा, पण डॉक्टरांना ऐकवण्यापुरतं. फोनचा माइक माणसाचं बोलणं पकडायला केलेला असतोय, बाकीचा आवाज तो स्वतःच दाबून टाकतो, आणि कातडीवर जरा सरकला तरी खरखर येते. 1902 सालीच ब्लॉजेट नावाच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून गुडघे ऐकलेत, आणि आता जॉर्जिया टेकमध्ये ओमर इनान यांची टीम गुडघ्यावर चिकटवायचे छोटे माइक करते, त्याबरोबर गुडघा किती वाकलाय ते मोजणारं सेन्सर, म्हणजे कुठल्या कोनात किती आवाज झाला हे कळतं. दुखऱ्या, झिजलेल्या गुडघ्यातनं आवाज जास्त आणि वेडावाकडा येतो असं यात दिसतंय. पण हे अजून अभ्यासातच आहे, आपल्याकडं कुणी आवाजाचं मशीन लावून ग्रेड, म्हणजे झीज किती त्याचा आकडा, सांगत असेल तर पैसे देऊ नका.

डॉक्टरकडं जायचं तर एक्सरे उभं राहून काढायला सांगा, झोपून काढला तर हाडांमधली फट खोटीच मोठी दिसू शकते. आणि एक्सरेतली ग्रेड बघून रडू नका, ग्रेड तीनवाल्या बायका आमच्याकडं सौंदत्तीचा डोंगर चढतात आणि ग्रेड एकवाल्या उकिडवं बसू शकत नाहीत. गुडघा गरम आणि लाल झाला, ताप आला, मध्येच अडकून सरळच होईना, किंवा पडल्यावर फट् आवाज होऊन तासाभरात सूज आली, तर मात्र घरी ऐकत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक वही करा. तारीख, कुठला पाय, बसून की उठताना, करकर कुठं लागली, दुखलं की नाही (0 ते 10 मध्ये किती), सकाळी किती मिनिटं आखडलं. आठवड्यातनं एकदाच, रोज नाही, रोज ऐकत बसलं की माणूस पाय टाकायलाच घाबरतंय. आईच्या वहीत पहिल्या आठवड्यात लिहिलंय "उजवा, उठताना, करकर, दुखणं 6, आखडणं 20 मिनिटं". मग खुर्चीवरनं उठबस दहा-दहा वेळा, दिवसातनं दोनदा, विड्यांचं सूप घेऊन बसल्यासारखं मांडी घालून तासन्‌तास बसणं बंद, भाजी निवडायलाही स्टूल. आठव्या आठवड्यात तिच्याच अक्षरात आहे: "उजवा, उठताना, करकर हाय तशीच, दुखणं 2, आखडणं 5."