पालच्या रानात साप पाहायला निघण्याआधी

यादीत पहिलं नाव दवाखान्याचं लिहा. रावेर-यावलकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, पाल गावच्या रानात साप पाहायला जायचं ठरलं की आदल्या दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन लावायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: सर्पदंशावरची लस आज शिल्लक आहे का, आणि रात्री डॉक्टर असतात का. एका वर्षी आम्ही हे विचारलं नव्हतं. बरोबरच्या एकाला पायाला चावलं, दवाखाना गाठला तर लस संपलेली, मग तिथून तसेच पुढे जळगाव. चावणारा बिनविषारी कवड्या होता हे नंतर फोटोवरून कळलं, पण गाडीतला तो वेळ अजून अंगावर येतो. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते, आणि हे चौघंही आपल्या खानदेशात आहेत. १०८ नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. डोंगरात रेंज जाते, म्हणून दवाखान्याचा रस्ता कागदावरही काढून घ्या. गाडीत डिझेल भरलेलं, तोंड रस्त्याकडे.

निघण्याआधी सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणून घ्यायचं: दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही, आधी भगताकडे न्यायचं नाही. अंगठी, घड्याळ, बूट काढायचे. हाड मोडल्यावर जसा फळीला बांधतात तसा तो हात किंवा पाय स्थिर करायचा, वेळ लिहायची आणि निघायचं. मण्यार चावलेली कित्येकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्यालाही गाडीत बसवायचंच.

परवानगीचं लवकर उरकतं. यावल अभयारण्य १९६९ सालचं, १७८ चौरस किलोमीटरच्या आसपास. रात्री आत जाता येत नाही. दिवसा रीतसर आत, आणि रात्रीची पायपीट बाहेरच्या शिवारात, शेतमालकाला आणि वनरक्षकाला सांगून. वाट दाखवायला गावातलाच एखादा पावरा आदिवासी दादा बरोबर घ्या आणि त्याच्या रात्रीचे पैसे आधीच ठरवा. साप धरायची काठी आणि पिशवी घरीच ठेवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप धरणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. गावात मांडुळाची चौकशी करू नका. तस्कर तेच विचारत फिरतात, लोक संशयाने बघतात आणि ते बरोबरच आहे. अंधार पडल्यावर म्हाताऱ्या माणसांसमोर ‘साप’ न म्हणता ‘जनावर’ म्हणा, त्यांना बरं वाटतं.

मे महिन्यात जाऊ नका. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, साप भेगांत आणि बिळांत खोल बसलेले. पहिले दोन-तीन पाऊस होऊ द्या. सप्टेंबरपर्यंत, संध्याकाळी सर येऊन थांबलेली, वारा पडलेला, बेडूक ओरडताहेत अशी रात्र निवडा. आठ ते अकरा पुरे. थंडीत गेलात तर सकाळचं ऊन धरा, बांधावर धामण किंवा घोणस ऊन खात पडलेली सापडते.

घोट्याच्या वर जाणारे बूट, जाड सुती पँट, डोक्याला लावायची बॅटरी आणि हातात दुसरी, सेल जास्तीचे. लांब काठी पुढे आपटत चालायला. दशम्या, ठेचा, पाणी माणशी तीन लिटर.

दगड उचलायचा तर हाताने नाही, काठीने, आणि पलीकडची कड आपल्याकडे उलटेल असा. म्हणजे तोंड पलीकडे उघडतं आणि दगड आपल्या पायांसमोर आड राहतो. पाहून झालं की हलक्या हाताने होता तसाच ठेवायचा, ते कुणाचं तरी घर आहे. फुरसं बहुतेक आधी ऐकू येतं. खरखरीत खवले एकमेकांवर घासून ते तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज करतं. बॅटरी टाकली तर वीतभर जनावर, डोक्यावर बाणासारखी खूण, वेटोळं जागच्या जागी सरकत राहिलेलं. तिथेच थांबा. दोन मीटरच्या आत कुणीही जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच.

मण्यार आणि कवड्या यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून हे पाठ करा. मण्यार चकचकीत काळी, पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने, मानेकडे विरळ किंवा नसलेले, शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. शंका आली की मण्यारच समजायचं.

परतताना डांबरी रस्त्यावर गाडी वीसच्या वर नको. पावसानंतर साप उबेला रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. जिवंत असेल तर दिवे लावून थांबा, त्याला ओलांडू द्या. मेलेला दिसला तरी वही काढा: जात, वेळ, जागा, रस्त्याच्या कुठल्या बाजूला केळीची बाग होती आणि कुठल्या बाजूला नाला.