पार्टी क्रमांक बदलताना बिलं इकडची तिकडे होऊ नयेत म्हणून

चादर-टॉवेलच्या दुकानातल्या डेटाबेसात एक ‘पार्टी’ टेबल असतं आणि एक ‘बिल’ टेबल. बिलात पार्टीचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. सोलापुरातून बार्शी, पंढरपूर, विजयपूर अशा वसुलीच्या लाईनी, म्हणजे उधारी गोळा करायचे मार्ग, ठरलेल्या असतात, आणि कधीतरी मालकांचं फर्मान निघतं: यादी लाईनप्रमाणे लावा, क्रमांकही तसेच द्या.

यातलं पहिलं काम सोपं आहे. टेबलातल्या नोंदींना स्वतःचा क्रम नसतो. माहिती मागवताना ‘ऑर्डर बाय’ (कशाच्या क्रमाने लावायचं ती सूचना) लिहिलं नाही तर त्या कशाही येऊ शकतात. म्हणून पार्टी टेबलात ‘लाईनक्रम’ हा रकाना वाढवा, त्यात १०, २०, ३० असे आकडे भरा आणि यादी त्यावर लावा. उद्या मध्येच मोहोळची पार्टी आली तर तिला १५ देता येतो. मालकांना खरं तर एवढंच हवं असतं, त्यामुळे शक्यतो इथेच थांबा.

दोन दुकानांचे हिशेब एकत्र करताना मात्र क्रमांक बदलावेच लागतात. तेव्हा आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का ते पाहा. बिलं फाडणं चालू असताना या कामाला हात लावू नका. ग्राहकाला दिलेल्या जीएसटी बिलाचा नंबर तर कधीच बदलायचा नाही. इथे बदलतोय तो आतला पार्टी क्रमांक.

आता ‘जुना’ आणि ‘नवा’ अशा दोन रकान्यांचं वेगळं टेबल करा. नवे आकडे हाताने भरत बसू नका, ‘रो नंबर’ फंक्शन लाईनक्रमावरून ते काढून देतं. मायएसक्यूएल या डेटाबेसात ते ८.० आवृत्तीपासून आहे.

एवढा खटाटोप कशाला? समजा बार्शीची पार्टी ७ वरून १२ वर जायची आहे आणि पंढरपूरची १२ वरून ७ वर. बिल टेबलात आधी ७ चे १२ केले की दोघांची बिलं मिसळली. मग १२ चे ७ केले की सगळीच पंढरपूरच्या नावावर! कुठलं बिल कुणाचं, हे आता डेटाबेसही सांगू शकत नाही. जुना-नवा टेबल जोडून एकाच अपडेटमध्ये बदल केला, तर प्रत्येक बिल आपल्या जुन्या आकड्यावरून एकदाच बदलतं.

पार्टी टेबलात अडचण वेगळी. क्रमांक तिथे प्रायमरी की असतो, म्हणजे एक आकडा दोन नोंदींना चालत नाही, आणि १२ जागेवर असताना ७ चा १२ होऊ शकत नाही. म्हणून आधी सगळ्या क्रमांकांत १,००,००० मिळवा, मग नव्या आकड्यांवर आणा. हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर सगळे बदल कमिट (कायम) होतील, नाहीतर एकही नाही.

बिलातला क्रमांक पार्टी टेबलात असलाच पाहिजे असं बंधन घालणारी ती फॉरेन की. तिच्यावर ‘ऑन अपडेट कॅस्केड’ असेल तर पार्टी बदलली की बिलं आपोआप बदलतात. मग बिलांवर वेगळा अपडेट चालवू नका, नाहीतर बदललेले आकडे पुन्हा बदलतील. कॅस्केड नसेल तर फॉरेन की काढा, दोन्ही टेबलं बदला आणि की परत लावा. मायएसक्यूएलमध्ये की काढणं-लावणं ट्रान्झॅक्शनच्या बाहेर ठेवा, कारण त्या आज्ञेसरशी आधीचं काम कमिट होतं. तिथे फॉरेन कीची तपासणी नुसती बंद करून चालू करण्याचा आडमार्गही आहे, पण चालू केल्यावर जुन्या नोंदी तपासल्या जात नाहीत. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसात तर ही तपासणी सहसा मुळातच बंद असते. प्रत्येक कनेक्शनला ती चालू करावी लागते.

कमिट करण्याआधी ताळा घ्या. एकूण उधारी जुळली एवढ्यावर खूश होऊ नका, बिलं मिसळली तरी ती बेरीज जुळतेच. पार्टीच्या नावानुसार बिलांची संख्या आणि बाकी, आधीची आणि नंतरची, शेजारी ठेवून पाहा.

शेवटी ऑटो नंबरचा (नव्या पार्टीला आपोआप मिळणाऱ्या क्रमांकाचा) पुढचा आकडा सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढे नेऊन ठेवा. जुना-नवा टेबल पुसू नका. मेहताजींच्या एक्सेल शीटमध्ये आणि गाठींवरच्या मार्क्यांत जुनेच नंबर असणार आहेत.