घरीच फिलर टोचून घेतलंय? मग आधी हे तपासा

मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे. "सिस्टर, ओठांनाच तर टोचलंय, त्यात एवढं काय?" हे वाक्य माझ्या कानावर सारखं पडतं. घरी फिलर टोचू नका, हे माझं म्हणणं ठाम आहे. पण ज्यांनी टोचून घेतलंय, त्यांना आत्ता मदत हवी आहे, म्हणून आधी त्यांच्यासाठी लिहिते.

खरा धोका सुईचा नाही, रक्तवाहिनीचा आहे. फिलर म्हणजे ओठ किंवा चेहरा भरीव दिसावा म्हणून त्वचेखाली टोचतात ते घट्ट जेल. ते धमनीत शिरलं की पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथली त्वचा मरायला लागते. ओठांची धमनी प्रत्येकाची वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या खोलीवरून जाते. ती कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही. नाक आणि दोन भुवयांमधली जागा ही ठिकाणं तर फार वाईट, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. दाबाने गेलेलं जेल उलटं सरकून डोळ्यापर्यंत पोचू शकतं, आणि मग कायमचं अंधत्व यायला दीड ताससुद्धा पुरतो.

टोचल्यावर वेदना वाढतच गेली, त्वचा पांढरी पडली किंवा जाळीसारखे निळे-जांभळे डाग उमटले, तर थांबू नका. जेलमध्ये बऱ्याचदा बधिर करणारं लिडोकेन असतं, त्यामुळे सुरुवातीला दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. बोटाने ती जागा पाच सेकंद दाबा आणि सोडा. रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करून ताडून बघा. सावळ्या त्वचेवर हा फरक पटकन कळत नाही. अशा वेळी ओठ उलटा करून आतली गुलाबी बाजू बघा, तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

शंका आली की आणखी टोचणं बंद. बर्फ लावू नका, त्याने वाहिन्या आणखी आकसतात. दाबून जेल बाहेर काढायच्या फंदात पडू नका. थेट रुग्णालय गाठा. अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, पापणी खाली येणं, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणं, हात-पाय लुळे पडणं, यातलं काहीही झालं तर रुग्णवाहिकाच बोलवा.

निघताना सिरिंज आणि खोका बरोबर घ्या, कचऱ्यात टाकला असेल तर उचलून आणा. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर हायल्युरॉनिडेज या इंजेक्शनने विरघळवता येतं. सिलिकॉन किंवा कॅल्शियमचं फिलर त्याने विरघळत नाही. आत काय गेलंय हे कळलं नाही तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ जातो. हायल्युरॉनिडेज मागवून स्वतःच टोचू नका. त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते.

"सुई नाही, म्हणून सुरक्षित" असं सांगून विकली जाणारी पेनंही घेऊ नका. ती दाबाने जेल आत ढकलतात आणि ते किती खोल जाईल यावर ताबा राहत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये अशा पेनांबद्दल लोकांना सावध केलं होतं.

सगळं ठीक वाटलं तरी लक्ष ठेवा. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी गाठ येते, लाल होते, गरम लागते. ती फोडू नका. डॉक्टरांना काय टोचलं, कुठे, किती आणि कधी, हे चारही खरं सांगा. घरी टोचलं होतं हेसुद्धा. आम्ही रागावणार नाही.