तेल खवट होऊ नये म्हणून: आवरणातले वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट कसे वापरावेत

तेलातल्या असंतृप्त स्निग्धाम्लांची ऑक्सिजनशी अभिक्रिया झाली की फ्री रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात आणि बिघाडाची साखळी सुरू होते. अँटिऑक्सिडंट स्वतःचा हायड्रोजन देऊन ती साखळी तोडतात. पण वनस्पतींचे अर्क उजेडाने, उष्णतेने स्वतःच निकामी होतात. म्हणून त्यांना आवरणात बंद करायचे.

१. तेल ताजेच घ्या. खवट झालेले तेल कुठल्याही अर्काने सुधारत नाही.

२. अर्क निवडा. रोझमेरीतले कार्नोसिक आम्ल तेलात विरघळते, ग्रीन टीमधली कॅटेचिन पाण्यात.

३. आवरण ठरवा. सगळी मेहनत इथेच फळते किंवा वाया जाते. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनलेली पावडर) आणि गम अरेबिक (एक डिंक) यांच्या द्रावणात अर्क घोटून स्प्रे ड्रायरने, म्हणजे गरम हवेत फवारून सुकवणाऱ्या यंत्राने, त्याची पावडर करणे, ही सर्वांत रुळलेली पद्धत. मात्र हे आवरण पाण्यात विरघळते, तेलात नाही. निव्वळ तेलात पावडर तळाशी बसते आणि अर्क आतच अडकून राहतो. मेयोनेजमध्ये उलटे होते: पाणी लागताच आवरण सुटते, म्हणजे संरक्षण फक्त मिसळेपर्यंतचे. पाणी असलेल्या पदार्थात अर्क हळूहळू बाहेर यायला हवा असेल, तर कॅल्शियमने घट्ट केलेले अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातल्या पदार्थाचे) मणी घ्यावेत. बाटलीतल्या तेलासाठी माझे मत स्पष्ट आहे: तेलात विरघळणारा अर्क थेट घाला, नाहीतर लेसिथिनचे (सोयाबीनसारख्या स्रोतातून मिळणाऱ्या स्निग्ध पदार्थाचे) आवरण वापरून पाहा.

४. मात्रा अर्कावर मोजा, पावडरीवर नाही. पावडरीत अर्क २० टक्के असेल आणि किलोभर तेलाला २०० मिलिग्रॅम अर्क हवा असेल, तर पावडर १ ग्रॅम लागेल. जास्त घातल्याने जास्त टिकते असे मुळीच नाही. काही अँटिऑक्सिडंट जास्त मात्रेत ऑक्सिडेशनलाच हातभार लावतात. खाद्यपदार्थात वापरायचे असेल तर कायद्याने घातलेली मर्यादा आधी तपासा.

५. मिसळताना तांब्या-लोखंडाची भांडी टाळा, कारण या धातूंचे अंश ऑक्सिडेशन वाढवतात. स्टेनलेस स्टील चालेल. ढवळताना फेस आला की हवा आत शिरते, म्हणून सावकाश ढवळा.

६. चाचणी घ्या. चार नमुने करा: नुसते तेल, मोकळा अर्क घातलेले, आवरणातला अर्क घातलेले आणि रिकामे आवरण घातलेले. चौथा नमुना बरेच जण गाळतात. मग गुण अर्काचा की आवरणाचा, हे कळतच नाही. नमुने अंधारात ६० अंश सेल्सिअसला ठेवा आणि ठराविक दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे ऑक्सिडेशनने तेलात आधी तयार होणाऱ्या पेरॉक्साइडचे माप, काढा: तेल विरघळवून त्यात पोटॅशियम आयोडाइड घालायचे, सुटलेल्या आयोडीनवर थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचे, शेवटाकडे स्टार्च घालायचे आणि निळा रंग जाताच थांबायचे. शुद्ध केलेल्या तेलासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोमागे १० मिलिइक्विव्हॅलंट आहे.

हा आकडा वाढून पुन्हा उतरला तर तेल सुधारले असे समजू नका. पेरॉक्साइड फुटून आल्डिहाइड बनलेली असतात आणि खवट वास त्यांचाच असतो. त्यासाठी अॅनिसिडीन मूल्यही, म्हणजे या आल्डिहाइडांचे माप, सोबत काढावे लागते.